एकच तिकीट आणि दोघं भावंडं: कॉन्सर्टला कोणी जायचं?

प्रश्न थोडक्यात असा: थोरली बहीण आणि धाकटा भाऊ, दोघांचा आवडता रॉक बँड एकच. विक्रीच्या दिवशी भाऊ तीन तास ऑनलाइन रांगेत बसला, पैसे ताईच्या कार्डावरून गेले आणि हाती लागलं एकच तिकीट. “रांगेत मी बसलो” विरुद्ध “कार्ड माझं होतं” यावरून आता अबोला आहे. ताई विचारते, मोठी म्हणून मीच सोडून द्यावं का?

माझं उत्तर, नाही. मोठेपणा म्हणून मनाविरुद्ध सोडलेलं तिकीट पुढच्या प्रत्येक भांडणात बाहेर निघतं. भावाने ते हिसकावून घेणंही तितकंच वाईट.

आधी दोघांनी तिकिटाच्या अटी वाचा. ते कोणाच्या नावावर आहे, नाव बदलता येतं का, आणि गेटवर ओळखपत्र पाहणार का? बऱ्याच मोठ्या कॉन्सर्टची तिकिटं हल्ली फक्त ॲपमध्ये असतात आणि त्यांचा बारकोड काही सेकंदांनी बदलत राहतो. त्यामुळे स्क्रीनशॉट पाठवून काम होत नाही, ॲपमधूनच ट्रान्सफर करावं लागतं, आणि ती सोय कधीकधी कार्यक्रमाच्या थोडे दिवस आधीच उघडते. वयाची अटही बघा. उभं राहायच्या भागात ठरावीक वयाखालच्यांना सोडत नाहीत किंवा सोबत मोठं माणूस लागतं, असं अनेक ठिकाणी असतं. भाऊ त्या वयाखाली असेल, तर वाद तिथेच संपला. अर्धा कार्यक्रम तू, अर्धा मी, हा विचार सोडून द्या. तिकीट एकदा स्कॅन झालं की बाहेर पडून परत आत येणं सहसा जमत नाही, मग दुसऱ्या माणसाने येणं तर दूरच.

आता हक्काचं बघू. कार्ड ताईचं होतं, म्हणजे तिने पैसे पुढे केले. हे देणं आहे आणि ते फेडता येतं. बुकिंग फी आणि कर धरून जेवढी रक्कम कापली गेली ती अर्धी-अर्धी करा, भावाने त्याचा हिस्सा लगेच द्यावा. एवढं केलं की कार्डाचा मुद्दा निकालात निघाला.

रांगेचा मुद्दा जरा अवघड आहे. अशा विक्रीत बहुतेक वेळा आधी वेटिंग रूम उघडते. विक्री सुरू व्हायच्या क्षणी तिथे जेवढे हजर असतात त्यांचे क्रमांक सोडतीने लागतात. पहाटेपासून बसलेला आणि दोन मिनिटं आधी आलेला, दोघांना सारखीच संधी. विक्री सुरू झाल्यावर येणारे त्यांच्या मागे लागतात. म्हणजे भावाचे तीन तास खरे, त्याचा कंटाळाही खरा, पण तिकीट मिळालं ते नशिबाने. त्याच्या कष्टाची दखल घ्यायलाच हवी. मी म्हणेन, खालच्या दोनपैकी कोणती पद्धत वापरायची ते त्याने ठरवावं.

पहिली पद्धत बंद बोलीची. ही पोलंडचे गणितज्ञ ब्रोनिस्वाव क्नास्टर यांची. अर्धं तोडून वाटता येत नाही अशा वस्तूसाठीच ती आहे. दोघांनी एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायचं, हे तिकीट मला किती मोलाचं वाटतं. समजा छापील किंमत १०० आणि दोघांनी ५०-५० भरलेत. ताईने लिहिलं १८०, भावाने १४०. जास्त बोली ताईची, तिकीट तिचं. तिच्या मते तिचा अर्धा वाटा ९०. हातात आलं १८० चं, म्हणून वरचे ९० ती मधे ठेवते. भावाच्या मते त्याचा वाटा ७०, तो त्यातून ७० उचलतो. उरलेले २० दोघांत १०-१०. शेवटी ताईने भावाला ८० दिले. म्हणजे आधीचे ५० धरून १३० खर्चून तिला १८० चं तिकीट मिळालं, आणि भावाला ५० च्या बदल्यात ८०. ज्याने-त्याने मनात धरलेल्या वाट्यापेक्षा दोघांनाही १० जास्तच पडले. म्हणून ही पद्धत मला फार आवडते.

पण ती फसते तीही ठरलेल्या जागी. एकीला पगार आणि दुसऱ्याला खाऊचे पैसे, असं असेल तर बोली आवडीची राहत नाही, खिशाची होते. समोरच्याचा आकडा आधी कळला तर मुद्दाम त्याच्या जरा वर किंवा खाली लिहिलं जातं. आणि पैसे आईबाबांचे असतील तर बोलीला काही अर्थच नाही. यातलं एकही लागू होत असेल तर दुसरी पद्धत घ्या, म्हणजे सरळ चिठ्ठ्या.

चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच पेनाने लिहिलेल्या, सारख्या घडीच्या हव्यात आणि उचलणारा तिसरा हवा. नाणं उडवणार असाल तर एक लक्षात ठेवा: ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून केलेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की उडवताना वर असलेलीच बाजू सुमारे ५०.८ टक्के वेळा परत वर येते. फरक नगण्य आहे, पण रुसलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. म्हणून दोन्ही वेळा तीच बाजू वर ठेवून दोनदा उडवा. छापा मग काटा आला तर ताई, काटा मग छापा आला तर भाऊ, दोन्ही वेळा सारखंच आलं तर पुन्हा दोनदा.

चिठ्ठी उघडायच्या आधी फोनवर एकमेकांना चार ओळी लिहून पाठवा, अशा: “निकाल लागल्यावर पुन्हा उडवायचं नाही. न जाणाऱ्याचे भरलेले पैसे आजच परत. जाणाऱ्याला ऐनवेळी जमलं नाही तर तिकीट आधी दुसऱ्या भावंडाला, मित्राला नाही. पुढच्या वेळी पहिला हक्क आज हरणाऱ्याचा.” (बोली लावली असेल तर दुसरी ओळ गाळा, हिशोब तिथेच झालेला असतो.) तिसरी ओळ विसरू नका, सगळ्यात मोठं भांडण तिथे होतं.

आणि दुसरं तिकीट शोधायचं काम जिंकणाऱ्याकडे द्या. हरलेला तसाही शोधणारच. जिंकणाऱ्याने शोधलं तर “तुला काय, तुझं झालं” हे वाक्य बंद होतं. स्टेज आणि साउंडची मांडणी पक्की झाली की अडवून ठेवलेल्या काही जागा कार्यक्रमाच्या आधीच्या दिवसांत सुटतात, आणि अधिकृत रीसेलवर एकटी-दुकटी तिकिटं येत राहतात. एकच तिकीट हवं असणाऱ्याला तिथे बरीच आशा असते. अनोळखी माणसाने पाठवलेल्या पीडीएफला मात्र पैसे देऊ नका, तीच फाइल दहा जणांना विकलेली असू शकते.

पुढच्या वेळी दोघांनी वेगळ्या खात्यांवरून, वेगळ्या फोनवरून, वेगळ्या इंटरनेटवर बसा. एकाच खात्याच्या दोन टॅब एकमेकींची जागा घालवू शकतात. कार्डाची ऑनलाइन मर्यादा आदल्या दिवशीच वाढवून ठेवा आणि ओटीपी येणारा फोन हाताशी असू द्या. किमतीचा वरचा आकडाही आधी ठरवा. ३१ ऑगस्ट २०२४ ला ओएसिस या रॉक बँडच्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांची तिकिटं निघाली, तेव्हा तासन्‌तास थांबलेल्यांना उभ्याची सुमारे १५० पौंडांची जागा साडेतीनशेच्या वर दिसली, आणि घ्यायचं की नाही हे त्यांना काही मिनिटांत ठरवावं लागलं. शेजारच्या दोन जागा नसतील तर दूरदूरच्या दोन चालतील का, हेही आधीच बोलून ठेवा. बऱ्याचदा दोन सुट्या जागा समोर असतात आणि जोडी शोधण्यात त्याही जातात.

विक्री चालू असताना एकमेकांना लावलेला फोन चालू ठेवा. पैसे भरायच्या पानावर जो आधी पोचेल त्याने दोन्ही तिकिटं घ्यायची आणि तसं मोठ्याने सांगायचं. दुसऱ्याने कन्फर्मेशनचा मेल डोळ्यांनी बघेपर्यंत रांग सोडायची नाही, पण खरेदीही करायची नाही. दोघांनीही घेतली आणि एका घराला किती तिकिटं याची मर्यादा ओलांडली, तर दोन्ही ऑर्डर रद्द होऊ शकतात.