टिलरिंग करताना (म्हणजे धनुष्य नीट वाकावं म्हणून लाकूड थोडं थोडं काढताना) लाकडी धनुष्याचा खालचा बाहू, म्हणजे मुठीखालचा अर्धा भाग, कडक राहतो आणि वरचा मधोमध मोडल्यासारखा वाकतो, काय करावं?

वरच्या बाहूला आधी हात लावू नका. खालच्या कडक बाहूच्या पोटाकडून, म्हणजे धनुर्धराकडे तोंड असलेल्या बाजूने, लाकूड खरवडा. जाडी आणि कडकपणा यांचं नातं घनाचं असतं: जाडी 10 टक्के घटली की कडकपणा सुमारे 27 टक्क्यांनी उतरतो. म्हणून आता रंधा नको, स्क्रेपरच (खरवडायची पातळ पोलादी पट्टी) घ्या. पंधरा-वीस हात मारले की दोरी अर्ध्यापर्यंत तीसेक वेळा ओढून सोडा. खरवडलेल्याचा परिणाम लाकडात लगेच दिसत नाही, आणि घाई इथेच नडते.

वरच्या बाहूचा मोडता भाग नेमका शोधायला 15 सेंमीची सरळ पट्टी ओढलेल्या धनुष्याच्या पोटावरून सरकवा. पट्टीखालची फट जिथे एकदम रुंदावते तिथे पेन्सिलने खूण करा. तो पट्टा तसाच ठेवून त्याच्या दोन्ही अंगांना हलकेच खरवडा. तिथे पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर मात्र थांबा: तंतू दाबाखाली चिरडलेत, खरवडून ते सुधारत नाहीत. पाठीकडचं, म्हणजे लक्ष्याकडे तोंड असलेल्या बाजूचं, लाकूड कधीच काढू नका, तिथला तंतू तुटला की धनुष्य फुटतं. वाक असमान दिसतोय तोवर दोरी आणखी मागे ओढायची नाही, ठरवलेल्या वजनापलीकडे (दोरी ओढायला लागणाऱ्या जोरापलीकडे) तर नाहीच.

दोन्ही बाहू अगदी सारखे मात्र करू नका. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरून सोडणार असाल, तर खालचा बाहू किंचित कडक हवा: मुठीजवळ दोरीपासूनचं अंतर वरच्यापेक्षा 3 ते 6 मिमी कमी. तिन्ही बोटं बाणाखाली असतील तर दोन्ही बाजू जवळपास समान चालतात.