ग्राफ वर जातोय म्हणून शेवटचं वर्ष सोडू का?

तुझं पत्र वाचलं, सोबतचा ग्राफ आणि शीटही नीट बघितली. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हा मुलगा डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, चार महिने ऑनलाइन पोकर खेळतोय, सहा जणांच्या टेबलवर नो-लिमिट होल्डम (प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मध्ये पाच सामाईक, बेटला मर्यादा नाही), अगदी छोट्या रकमांवर, एका वेळी चार टेबलं. २२,००० हँड, म्हणजे डाव, झालेत आणि १०० हँडमागे ७ बिग ब्लाइंड (बीबी, पत्ते बघण्याआधी एकाला सक्तीने टाकावी लागणारी रक्कम) असा विनरेट, म्हणजे कमाईचा दर, दिसतोय. एका टप्प्याला ३० बाय-इन (टेबलवर बसताना घ्यायची रक्कम) वर होता, आता १५ उरलेत. त्याचं म्हणणं, गेला महिना निव्वळ बॅडलक, ईव्हीची लाइन (ग्राफवरची अपेक्षित कमाईची रेघ) तर वरच आहे. प्रश्न दोन: खेळातले लीक (पैसे गळणाऱ्या चुकीच्या सवयी) शोधून बुजवायचे कसे, आणि शेवटचं वर्ष सोडून पूर्णवेळ यातच उतरू का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. वर्ष सोडू नकोस. "पोकर म्हणजे जुगार, नाद सोड" असं मी म्हणत नाहीये, तू पाठवलेल्या आकड्यांवरूनच म्हणतेय.

सहा जणांच्या टेबलवर नो-लिमिट होल्डमचं स्टँडर्ड डेव्हिएशन (निकाल सरासरीपासून किती हलतात ते माप) १०० हँडमागे साधारण ८० ते १०० बीबी असतं. आपण ९० धरू. २२,००० हँड म्हणजे शंभरचे २२० गठ्ठे, २२० चं वर्गमूळ जवळपास १५, म्हणजे तुझ्या सरासरीत चूक सुमारे ६ ची, आणि नेहमीसारखं दोन्ही बाजूंना दुप्पट धरलं तर १२. आता तुझ्या ७ मधून १२ वजा कर आणि ७ मध्ये १२ मिळव. उणे ५ ते अधिक १९. तुझा खरा विनरेट यात कुठेही असू शकतो, म्हणजे तू टेबलवरचा हरणारा खेळाडू असूनही हाच ग्राफ येऊ शकतो आणि भारी खेळाडू असूनही हाच येऊ शकतो. एक लाख हँडनंतरसुद्धा हा पट्टा दोन्हीकडे ६ च्या आसपास राहतो. आणि चार टेबलांवर तासाला ३०० हँड धरले तर तुझे २२,००० हँड म्हणजे ७३ तास झाले, नोकरीच्या भाषेत दोन आठवडेसुद्धा नाहीत. दोन आठवड्यांच्या कामावर डिग्री सोडायची का हे तूच मला सांग.

ईव्हीच्या लाइनबद्दल. ती लाइन फक्त एवढंच बघते की सगळे पैसे ऑल-इन आत गेले तेव्हा कोणाची जिंकायची शक्यता किती होती. तुला एसेस किती वेळा आले, समोरच्याकडे नेमके किंग्स कितीदा निघाले, तू फ्लॉपला (पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवर) सेट, म्हणजे तीन सारखे पत्ते, लावलास तेव्हा समोर पैसे देणारा कोणी होता का, यातलं नशीब ती मोजत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तू रिव्हरला (शेवटच्या, पाचव्या पत्त्यावर) साधा कॉल करून, म्हणजे समोरच्याएवढेच पैसे टाकून, हरलास तर ते तिच्या हिशोबात येतच नाही. तेव्हा ईव्ही वर आहे याचा अर्थ खेळ बरोबर आहे असा लावू नकोस.

आता पहिला प्रश्न, जो खरा चांगला आहे. विनरेटचा आकडा खरं बोलायला लाखभर हँड घेतो, पण सवयींचे आकडे फार लवकर बोलतात. किती हँडमध्ये स्वतःहून पैसे टाकतोस, किती रेझ करतोस, म्हणजे बेट वाढवतोस, हे एक-दोन हजार हँडमध्येच स्थिरावतं. म्हणजे तू जिंकणारा आहेस का हे आज कळणार नाही, पण तू कसा खेळतोस हे आजच कळतंय, आणि दुरुस्ती करायची तर ती तिथेच करता येते.

तुझं व्हीपीआयपी (स्वतःहून पैसे टाकलेल्या हँडचं प्रमाण) ३१ आहे आणि पीएफआर (फ्लॉपच्या आधी रेझ केलेल्यांचं) १५. म्हणजे १०० पैकी ३१ हँड खेळतोस आणि त्यातले निम्मे नुसते कॉल करून. सहा जणांच्या टेबलवर नीट खेळणाऱ्यांचे आकडे साधारण २२ ते २६ आणि १८ ते २२ असे जवळजवळ चिकटलेले दिसतात. तुझ्यातला फरक १६ चा आहे. मग शोडाउनपर्यंत, म्हणजे शेवटी पत्ते उघडेपर्यंत, जाण्याचं प्रमाण ३४, आणि तिथे गेल्यावर जिंकण्याचं ४५. हे तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतायत की तू कॉल फार करतोस, आधीही आणि शेवटीही. तुला फोल्ड करायला, म्हणजे पत्ते टाकून द्यायला, आवडत नाही, बहुतेक कोणालाच आवडत नाही म्हणा.

तू लिहिलंयस की सगळ्यात जास्त नुकसान बिग ब्लाइंडमधून (ती रक्कम टाकायची पाळी असलेल्या सीटवरून) होतं म्हणून आता तिथे बरंच फोल्ड करतोस. इथे थांब. बिग ब्लाइंडमधून सगळेच हरतात, जगातले उत्तम खेळाडू पण. तिथे प्रत्येक हँड डोळे मिटून फोल्ड केलास तर दर हँडला एक ब्लाइंड जाईल, म्हणजे १०० हँडमागे १०० बीबी. तुझे जातात ३८. ठीक आहे रे, त्याला हात लावू नकोस. आता स्मॉल ब्लाइंड बघ, म्हणजे सक्तीने अर्धा बीबी टाकणारी सीट. तिथे सगळं फोल्ड केलं तर १०० हँडमागे ५० जातील, आणि तुझे जातात ४६. म्हणजे स्मॉल ब्लाइंडमधून एवढे कॉल, एवढे अवघड निर्णय, पोझिशन नसताना (समोरच्याच्या आधी चाल करावी लागत असताना) तीन-तीन फेऱ्या डोकेफोड, आणि हे सगळं करून वाचले किती तर ४. या सीटचे हँड अजून थोडेच आहेत हे खरं, पण व्हीपीआयपीशी जोडून बघितलं तर लीक कुठे आहे ते दिसतंय. मोठा आकडा दिसला की तिथेच चूक असेल असं नसतं, त्या सीटचा किमान तोटा किती हे माहीत असेल तरच आकड्याला अर्थ येतो.

तू "बॅडलक" म्हणून पाठवलेला तो एक हँड घेऊ. तू बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी चाल करणारी सीट), एस-क्वीन, अडीच बीबी रेझ. बिग ब्लाइंडने कॉल केला, त्याचे आकडे ४१ आणि ६, म्हणजे सगळं खेळणारा पण रेझ क्वचित करणारा. पॉट साडेपाच. फ्लॉप क्वीन-८-४, तू ३ लावले, कॉल. टर्न, म्हणजे चौथा पत्ता, २, तू साडेसात लावले, कॉल. पॉट आता साडेसव्वीस. रिव्हरला ९ आला आणि हा माणूस, जो इथपर्यंत फक्त चेक-कॉल करत होता, त्याने अचानक स्वतःहून २६ लावले. तू कॉल केलास, त्याने क्वीन-९ दाखवले, आणि तू लिहिलंस "रिव्हरला ९, काय नशीब". ९ येणं नशीब होतं, मान्य. त्यानंतरचे २६ बीबी नशीब नव्हते. पॉटएवढ्या बेटला कॉल करायचा तर तीनात एकदा तरी तू पुढे असायला हवास. आता या प्रकारचा खेळाडू रिव्हरला अशी बेट लावतो तेव्हा तीनात एकदा तुझ्या एका पेअरच्या मागे असतो का? जॅक-१० ची स्ट्रेट लागलीये, दोन पेअर आहेत, ८ चा किंवा ४ चा सेट आहे. शांत माणूस एकदम जागा होतो तेव्हा ब्लफ फार कमी निघतो. हा हँड तू जिंकला असतास तरी कॉल वाईटच होता, आणि मग तो तू मला पाठवलाच नसतास, खरी अडचण ही आहे.

म्हणून हँड मार्क करायची वेळ बदल. हरल्यावर मार्क करू नकोस, निर्णय घेताना शंका आली की तिथल्या तिथे मार्क कर आणि समोरचे पत्ते उघडायच्या आधी एक ओळ लिही, "कॉल केला कारण..." एवढीच. दुसऱ्या दिवशी बघताना निकाल झाकून बघ. पोकरट्रॅकर किंवा होल्डम मॅनेजर (हँड नोंदवणारी सॉफ्टवेअर) वापरत असशील तर फिल्टर लाव, रिव्हरला कॉल केलेले सगळे हँड एकत्र काढ, त्यात समोरचा पॅसिव्ह असलेले वेगळे कर आणि एकूण किती बीबी गेले ते बघ. एका हँडवरून लीक ठरत नाही, अशा पन्नासेक हँडच्या ढिगावरून ठरतो. ती "कारण" वाली ओळ पण सलग वाचून काढ. "खूप पैसे आत गेले होते", "मला वाटलं ब्लफ असेल", "मागच्या वेळी त्याने फसवलं होतं" असं पाच वेळा सापडलं की सॉफ्टवेअरची गरजही पडणार नाही.

दुरुस्ती मात्र एका वेळी एकच. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्राटस नावाचा प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध एकास एक होल्डम खेळला, २० दिवस, १,२०,००० हँड. ते चौघं रोज संध्याकाळी एकत्र बसून मशीनच्या खेळातली भोकं शोधायचे. मशीन रात्री काय करायचं? त्यांच्या चुका शोधत बसायचं नाही, दिवसभरात त्यांनी आपल्याला कुठे पकडलं ते बघून स्वतःचीच मोजकी भोकं बुजवायचं, आणि सकाळी पुन्हा टेबलवर. चौघंही शेवटी हरले. आणि एवढ्या हँडनंतरही नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून खेळाडूंच्या जोड्या लावल्या होत्या, एकाला जे पत्ते तेच दुसऱ्या जागी मशीनला. तू २२,००० वर निश्चिंत आहेस!

तर तुझ्यासाठी पुढचे १०,००० हँड एकच नियम: स्मॉल ब्लाइंडमधून रेझ नाहीतर फोल्ड, कोणाच्या रेझला नुसता कॉल नाही. हा काही कायमचा सिद्धांत नाही, सवय मोडायला आहे. या काळात पैसे वर गेले का खाली गेले यावर नियम चांगला की वाईट ठरवू नकोस, त्या सीटवरून साधारण सोळाशेच हँड मिळणार, त्यात पैसे काहीही सांगतील. तिथला कॉल शून्याजवळ आला का, व्हीपीआयपी आणि पीएफआरमधलं अंतर कमी झालं का, एवढंच बघ. ते जमलं की मग रिव्हरचा कॉल घ्यायचा. सॉल्व्हर (उत्तम चाल मोजून सांगणारं सॉफ्टवेअर) वापरायचा तर अभ्यासाला, एखादी जागा घेऊन हा इथे चेक का करतो हे समजून घ्यायला, तक्ते पाठ करायला नाही. आणि खेळ चालू असताना तो उघडणं ही सरळ फसवणूक आहे, मोठ्या साइट्स त्यासाठी अकाउंट बंद करतात.

आता तुझ्या शीटबद्दल, आणि हे जरा स्पष्टच बोलते. खाली एक ओळ आहे, "रात्रीच्या टूर्नामेंट धरल्या नाहीत, त्या मजेसाठी". का धरल्या नाहीत? पैसे खरे होते ना? टूर्नामेंटचा हिशोब वेगळ्या पानावर ठेव हे मला मान्य आहे, तिथे बीबी नाही तर आरओआय (टाकलेल्या पैशांवरचा परतावा) बघतात आणि चढउतार इतके असतात की काहीशे टूर्नामेंटवरून काही कळत नाही, पण पान हवंच. सगळ्यात वर एकच आकडा असू दे, एकूण किती टाकले आणि एकूण किती काढले, बोनस आणि रेकबॅकची (साइटच्या कमिशनमधून, म्हणजे रेकमधून, परत मिळालेल्या भागाची) वेगळी ओळ करून. प्रत्येक सेशनला सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, किती टेबलं, आणि ठरवलेल्या वेळी उठलास का नाही. या शेवटच्या रकान्यावर माझी नजर असेल, कारण तुझ्या शीटमध्ये गेल्या महिन्यात हरलेली सेशन्स जिंकलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट लांब आहेत. जिंकलास की लवकर उठतोस, हरलास की परत मिळवायला बसून राहतोस. ३० चे १५ होण्यात बॅडलक असेलच, चांगल्या खेळाडूलाही १५-२० बाय-इनची घसरण येते, पण रात्री दोनला सहाव्या तासात केलेले कॉलसुद्धा त्या घसरणीत आहेत.

करिअर म्हणून विचारतोयस तर अजून थोडं. तू राहतोस तिथे पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं कायद्यात बसतं का ते आधी बघ. बऱ्याच ठिकाणी बसत नाही, आणि बसत नसेल तर विषय तिथेच संपला, आडमार्ग विचारू नकोस. बसत असेल तरी हे क्षेत्र एका दिवसात बदलतं. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकरवर कारवाई केली, आणि ज्यांचं घर यावर चालत होतं त्या खेळाडूंचं काम त्याच दिवशी थांबलं. फुल टिल्टमध्ये अडकलेले पैसे अमेरिकेतल्या खेळाडूंना मिळायला २०१४ उजाडलं. वरच्या स्टेक्सना गेलं की विनरेट घटतो, खाली राहिलं तर रेकच बराच भाग खातो, आणि घरखर्च बँकरोलमधून (खेळासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून) काढायला लागलास की तोच बँकरोल घसरण सोसायला पुरत नाही. दुसरीकडे, निर्णय आणि निकाल वेगळे करून नोंदवायची ही सवय खरोखर लागली तर तिला पोकरबाहेरही किंमत आहे, सस्क्वेहाना नावाची ट्रेडिंग कंपनी आपल्या ट्रेडर्सच्या प्रशिक्षणात पोकर वापरते. आणि तिथेही डिग्री विचारतातच.

घरी अजून सांगितलं नाहीस म्हणतोस. आईवडिलांना ग्राफ दाखवू नकोस, पूर्ण शीट दाखव, टूर्नामेंटच्या पानासकट. ते दाखवायची हिंमत होत नसेल, किंवा हरलेले भरून काढायला कोणाकडून उसने घेतले असशील, तर लीक वगैरे सगळं बाजूला ठेव, खेळ आजच बंद कर आणि समुपदेशकाशी बोल. हे मी प्रत्येकाला लिहिते, तुझ्यावर संशय म्हणून नाही.

परीक्षा झाली की पुन्हा लिही. विनरेट पाठवू नकोस, स्मॉल ब्लाइंडचे नवे आकडे, "कारण" वाल्या ओळींची फाइल आणि वेळेवर उठलास का तो रकाना, एवढं पाठव.