आधी त्याला एक सोबती मिळवून दे

या वेळचं पत्र हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातून आलंय, पण लिहिणारी आपल्यातलीच आहे. बरीच वर्षं मेलबर्नला राहिली. सासरे अंथरुणाला खिळले म्हणून मुलाला घेऊन गावी आली; नवरा नोकरीपायी तिकडेच. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. ती लिहिते:

"मावशी, जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हापासून त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सरसुद्धा हजेरीला 'ए ऑस्ट्रेलिया' म्हणतात आणि सगळी पोट्टी हसतात. मधल्या सुट्टीत तीन मुलं त्याला घेरून इंग्रजी बोलायला लावतात, नाही बोलला तर चपला लपवतात. मी सांगितलं, लक्ष देऊ नको, आपण वर्षभरच आहोत. आता रोज सकाळी त्याचं पोट दुखतं."

पोरी, ते पोट खरंच दुखतं. शाळेच्या धास्तीनं मुलांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही. ढोंग समजून त्याला दामटू नकोस. आणि "लक्ष देऊ नको" हे आपलं परदेशातलं ठेवणीतलं वाक्य आता बाजूला ठेव. चिखलातून अनवाणी घरी येणाऱ्या मुलाने लक्ष कशाकडे द्यायचं नाही, सांग बरं? त्याला एवढंच कळतं की आईला सांगून काही होत नाही. मग तो सांगायचंच बंद करतो.

माझं म्हणणं जुन्या वाचकांना पाठ आहे, तरी पुन्हा सांगते. त्या तिघांच्या मागे लागण्याआधी हसणाऱ्या बाकीच्यांकडे बघ. ती तीन मुलं चपला लपवतात ती वर्ग हसतो म्हणून. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने याच विचारावर 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला आणि 2009 पासून तो तिथल्या शाळांमध्ये देशभर नेला. त्यात बघणाऱ्या मुलांना शिकवतात की हसू नका, त्रास होणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. आम्ही कॅनडात होतो तेव्हा, 2007 मध्ये, नोव्हा स्कॉशियातल्या एका ग्रामीण शाळेत नववीचा मुलगा पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला म्हणून त्याला छळलं होतं. बारावीच्या दोघांनी ढिगाने गुलाबी शर्ट आणून शाळेत वाटले. आज तो दिवस कॅनडाभर पाळतात. माझ्या मुलीच्या शाळेतही पाळायचे.

पण माझा विश्वास त्याच्याही आधीचा आहे. माझे दादा आर्वीकडच्या आमच्या खेड्यातून पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. त्यांच्या "काऊन" आणि "मले-तुले"ची मेसमध्ये अख्खं टेबल नक्कल करायचं. दादा सगळे उठून गेल्यावर गार जेवण जेवायचे. मग साताऱ्याकडचा एक मुलगा त्यांना रोज वेळेवर ओढून नेऊ लागला आणि ताट घेऊन शेजारी बसू लागला. कोणाशी भांडला नाही, कोणाला दम दिला नाही. दोघं एकत्र दिसू लागल्यावर नक्कल आपोआप थांबली. दादा सत्तरीचे झाले, पण अजून त्या मित्राचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलतो.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला परत वाचून दाखवते: "पलीकडच्या घरातला एक मुलगा कधीकधी चपला शोधून देतो." चार पानांत ही एकच ओळ, आणि त्या पोराचं नावही तू लिहिलं नाहीस! अगं, हाच तो. त्याची माय निंदणाला जात असेल तर शाळा सुटल्यावर त्याला तुमच्या ओसरीवर बसू दे. तिला आधी जाऊन भेट, चहा घे. सकाळी दोघांना बरोबरच शाळेत जाऊ दे. पोळा तोंडावर आलाय. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला दोघांनी मिळून लाकडी बैल सजवावा आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जावं. गावातल्या आज्या तिथे तुझ्या मुलाला नावाने विचारतील, पोरं ते ऐकतील. वर्गात ऑस्ट्रेलियाची चॉकलेटं वाटू का, असं विचारतेस. मुळीच नको. आठवड्याने पुन्हा मागतील आणि नाही दिली की चपला आहेतच.

सरांना एकटं भेट. "मेलबर्नला असं नसतं" हे चुकूनही तोंडातून काढू नकोस, नाहीतर पुढचं कोणी ऐकणार नाही. फक्त सांग की त्याला नावाने हाक मारा, तुमचं बघून मुलं चिडवतात. बहुतेक सर एवढ्यावर ऐकतात. नाही ऐकलं तर मुख्याध्यापकांना लेखी दे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये मुलाला मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. त्यातली एखादी तुमच्या आळीतलीच असेल. मारहाण झाली तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

सासूबाई म्हणतात, "आमच्या वक्ती पोट्टे मार खाऊनच मोठे झाले." त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना नातवाबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत जायला सांग.

नवऱ्याच्या गोदामातला सुपरवायझर सगळ्यांसमोर त्याच्या उच्चारांची टर उडवतो, हे तू शेवटच्या दोन ओळींत लिहिलंस. त्याने तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होतं हे रोज लिहून ठेवावं. ऑस्ट्रेलियात नोकरीतल्या तक्रारी ऐकणाऱ्या फेअर वर्क कमिशनकडे 2014 पासून असा छळ थांबवण्याचा आदेश मागता येतो, पण माणूस त्याच नोकरीत असेपर्यंतच. म्हणून रागाच्या भरात राजीनामा देऊ नको म्हणावं, आधी तिथे चौकशी कर.