बिशप, स्पश आणि स्पष्ट

प्रश्न असा आहे: 'कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याला ११७० साली राजाच्या सरदारांनी मारले. मराठीत याला वध म्हणावे, हत्या की खून? आणि आर्चबिशपला "मुख्य पाद्री" म्हटले तर चालेल का?'

वध मुळीच नको. कंसाचा वध, कीचकाचा वध, अफझलखानाचा वध. मरणारा त्याच लायकीचा होता, हा निवाडा त्या शब्दातच बसलेला आहे. हल्ली कोणीही मारला गेला की भारदस्त वाटतो म्हणून 'वध' लिहून मोकळे होतात, आणि वाचताना दर वेळी खटकते. २९ डिसेंबर ११७० च्या संध्याकाळी फिट्झअर्स, मॉरव्हिल, ट्रेसी आणि ले ब्रेटन हे चौघे तलवारी उपसून कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये शिरले. त्यांच्या लेखी तो वध असेल. आपण त्यांची बाजू कशाला घ्यायची? हत्या म्हणा. ब्रह्महत्या, गोहत्या यांतले पातक त्या शब्दाला चिकटलेले आहे, आणि इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने जुलै ११७४ मध्ये कँटरबरीला जाऊन मठवासीयांच्या हातून फटके खाल्ले ते पातक फेडायलाच. खून चुकीचा नाही, पण तो फौजदारीतला शब्द.

'मुख्य पाद्री' तर साफ चूक. बिशप हा पाद्र्यांवर देखरेख करणारा, आणि आर्चबिशप बिशपांतला प्रमुख. पाद्री म्हणजे पोर्तुगीज 'पाद्रे', बाप. बेकेटला पुरोहितपदाची दीक्षा मिळाली २ जून ११६२ ला आणि ३ जूनला तो आर्चबिशप झाला. नुसता पाद्री तो जेमतेम एक दिवस होता!

आता खरी गंमत 'बिशप' या शब्दाची. मूळ ग्रीक 'एपिस्कोपॉस': एपि म्हणजे वर, स्कोपॉस म्हणजे पाहणारा. लॅटिनमध्ये 'एपिस्कोपस', तिथून सुरुवातीचा 'ए' गळून, 'प'चा 'ब' होऊन जुन्या इंग्रजीत 'बिस्कोप', मग बिशप. पोर्तुगीजांकडून आला तो गोव्यातला 'बिस्प'. टेलिस्कोपमधला 'स्कोप' तोच. ग्रीकने मूळ इंडो-युरोपीय 'स्पेक्' (पाहणे) या धातूतल्या प आणि क यांची अदलाबदल केली. लॅटिनने केली नाही, म्हणून आपल्याकडे 'इन्स्पेक्टर' आला. संस्कृतात त्याच धातूचे रूप 'स्पश्'. ऋग्वेदात वरुणाभोवती त्याचे हेर बसलेले आहेत: 'परि स्पशो नि षेदिरे'. 'स्पष्ट' म्हणजे मुळात दिसलेले. बिशप आणि स्पष्ट एकाच घरचे!

धातुपाठ, म्हणजे संस्कृत व्याकरणातली धातूंची जुनी यादी, मात्र 'स्पश बाधनस्पर्शनयोः' म्हणतो, म्हणजे अडवणे आणि शिवणे. अजूनही पुष्कळ जण तेच प्रमाण मानून 'स्पष्ट'ची ओढाताण करतात. हे मला अजिबात मान्य नाही. वरुणाचे स्पश कोणाला शिवत नव्हते, ते पाहत होते. संस्कृत कवी माघाला तरी स्पश म्हणजे हेर हे पक्के ठाऊक होते. शिशुपालवधात तो म्हणतो, 'शब्दविद्येव नो भाति राजनीतिरपस्पशा'. 'अपस्पशा' दोन प्रकारे फोडता येतो: अ-पस्पशा, म्हणजे पस्पशाविना, आणि अप-स्पशा, म्हणजे हेरांविना. पस्पशा म्हणजे पतंजलीच्या व्याकरण-महाभाष्याचे पहिले आह्निक, म्हणजे प्रकरण. त्याच्याशिवाय व्याकरण शोभत नाही आणि हेरांशिवाय राजनीती.

म्हणून माझे मत 'महाधर्माध्यक्ष' या शब्दाला. अधि अधिक अक्ष, वरून पाहणारा डोळा: एपिस्कोपॉसचा हा जोडीदार आपल्याकडे ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तापासून आहे ('यो अस्याध्यक्षः परमे व्योमन्'). शिवाय बेकेटच्या प्रकरणात भांडण होतेच मुळी कोणी कोणावर नजर ठेवायची याचे. जानेवारी ११६४ मध्ये इंग्लंडात क्लॅरेंडनला हेन्रीने राजा आणि चर्च यांच्या अधिकारांबद्दलची सोळा कलमे पुढे ठेवली. तिसरे कलम गुन्ह्याचा आरोप असलेल्या धर्मसेवकांचे. त्यांचा खटला धर्मपीठापुढे चालेल तेव्हा तो कसा चालतो हे पाहायला राजाचा न्यायाधिकारी माणूस पाठवील, आणि दोषी ठरलेल्याला चर्चने पुढे पाठीशी घालायचे नाही, म्हणजे राजाकडून त्याला पुन्हा शिक्षा. मूळ लॅटिनमध्ये शब्दच आहेत 'अड विडेन्डुम', पाहण्यासाठी. बेकेट म्हणाला, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही. त्याच वर्षी त्याला फ्रान्सला पळावे लागले. १ डिसेंबर ११७० ला तो परत आला आणि महिना पुरा व्हायच्या आत मारला गेला.

जाता जाता: 'पाहणे'ही याच घराण्यातले. पश्यति, प्राकृत पासइ, मग पाहे. दशचे दहा झाले तसाच इथे 'ह' आला. कोणी ते संस्कृत 'प्रेक्ष्'पासून काढणार असेल, तर त्याने आधी जुन्या मराठीतल्या 'पेखणे'ची (अर्थ पाहणेच) वाट लावावी. प्रेक्ष्चा वारस तिथे धडधाकट बसलेला असताना त्याच्या नावावर 'पाहणे' कसे चढवता येईल?