सॉक्रेटिस वक्तृत्वाला इतकं हीन का लेखतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सॉक्रेटिसला वक्तृत्वाचा इतका तिटकारा का, आणि ‘अन्याय करण्यापेक्षा तो सोसणं बरं’ हे त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे का. दोन्हींचं उत्तर प्लेटोच्या ‘गॉर्जिअस’ या संवादात आहे, आणि दुसरं कळल्याशिवाय पहिलं नीट कळत नाही.

आधी अथेन्स डोळ्यांसमोर आणा. तिथल्या न्यायालयात वकील नव्हते. ज्याचा खटला त्यानेच उभं राहून बोलायचं. वेळ पाणघड्याळावर मोजली जाई, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले शेकडो नागरिक त्याच दिवशी मत देऊन निकाल लावत. ऐपत असलेला माणूस लिसिअससारख्याकडून भाषण लिहून घेई, पण म्हणायचं त्यालाच. बोलता आलं नाही तर मालमत्ता जाई, कधी जीवही. इ.स.पू. ४२७ मध्ये सिसिलीतल्या लिऑन्टिनीचा दूत म्हणून वक्तृत्वाचा शिक्षक गॉर्जिअस याच शहरात आला आणि त्याच्या भाषणांनी लोक भारून गेले.

संवादात गॉर्जिअस सांगतो की त्याचा भाऊ वैद्य आहे. रोगी औषध घेईना किंवा डाग देऊ देईना, तर हा जातो आणि नुसत्या बोलण्याने त्याला तयार करतो. यात वाईट काहीच नाही. पण तो पुढे म्हणतो की शहराला वैद्य नेमायचा असेल आणि सभेत वैद्य व वक्ता दोघे उभे राहिले, तर निवड वक्त्याचीच होईल. सॉक्रेटिस नेमकं हे पकडतो. म्हणजे न जाणणाऱ्यांपुढे न जाणणारा माणूस जाणकारावर मात करतो! म्हणून तो वक्तृत्वाला पाककौशल्याच्या रांगेत बसवतो: लहान मुलांच्या न्यायसभेत वैद्य आणि आचारी यांचा खटला चालला, तर कडू काढे देणारा वैद्य हरणारच.

यानंतर गॉर्जिअसचा शिष्य पोलस बोलू लागतो आणि खरा विषय उघडा पडतो. तो मॅसेडोनियाच्या आर्केलाउसचं उदाहरण देतो. काका, चुलतभाऊ आणि सात वर्षांचा सावत्र भाऊ यांना मारून हा गादीवर बसला, शिक्षा काही झाली नाही. मग तो सुखी नाही का? सॉक्रेटिस म्हणतो, नाही, आणि शिक्षा चुकली म्हणून तर तो जास्तच दुर्दैवी. अन्याय हा मनाचा रोग, शिक्षा हे त्यावरचं औषध. वक्तृत्वाचा काही उपयोग असेल, तर माणसाने स्वतःवर आणि आपल्याच नातेवाइकांवर आरोप ठेवून औषध लवकर मिळवावं, एवढाच. वाचताना इथे मी दरवेळी थबकतो. शिक्षेतून सुटायची कला विकणाऱ्याला तो रोग लपवायला मदत करणारा समजतो. राग आहे तो याचा.

पोलसला गप्प करणारा युक्तिवाद मात्र मला भक्कम वाटत नाही. अन्याय करणं जास्त लाजिरवाणं आहे, एवढं पोलस कबूल करतो, आणि सॉक्रेटिस तिथून ‘म्हणजे जास्त अहितकारक’ इथवर नेतो. पोलसला लाजेत अडकवलं, असं संवादात पुढे बोलणारा कॅलिक्लिज म्हणतो ते बरोबर आहे. तरीही मी सॉक्रेटिसचं म्हणणं मानतो, कारण त्याने ते जगून दाखवलं. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईच्या लढाईनंतर सेनापतींचा निवाडा एकाच मतदानात, कायदा मोडून करायचं ठरलं. तेव्हा सभेचं कामकाज पाहणाऱ्या मंडळात सॉक्रेटिस होता. जमाव ओरडत असताना त्याने ठाम नकार दिला. सहा जणांना मृत्युदंड झालाच.

पण वक्तृत्वाबद्दल मी प्लेटोच्या बाजूने पूर्ण जाऊ शकत नाही. गॉर्जिअस आला त्याच वर्षी अथेन्सच्या सभेने बंडखोर मिटिलिनीतले सगळे पुरुष मारायचे आणि बायकामुलं गुलाम करायची, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चर्चा झाली. इतिहासकार थ्युसिडिडिसने दोन्ही बाजू दिल्या आहेत. हीच शिक्षा न्याय्य आहे, असं क्लिऑन म्हणाला. डिओडोटसने न्यायाचा मुद्दा बाजूलाच ठेवला: आपण न्यायालयात नाही, आपलं हित कशात आहे ते पाहू. थोड्या मतांनी तो जिंकला. आधीचा हुकूम घेऊन एक जहाज निघालेलंच होतं; तो रद्द झाल्याचं सांगणारं दुसरं जहाज अगदी ऐनवेळी पोहोचलं. सॉक्रेटिसच्या कसोटीवर हे भाषण उतरत नाही, पण त्याने एक शहर वाचलं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की वक्तृत्वाने मोठं नुकसान होऊ शकतं, पण ते बळ, संपत्ती, सेनापतित्व अशा सद्गुण सोडून प्रत्येक चांगल्या गोष्टीबाबत खरं आहे. मला हे जास्त जवळचं वाटतं.

संवाद वाचणार असाल तर पोलसचा भाग घाईने संपवू नका. बहुतेक वाचक कॅलिक्लिजच्या जोरदार भाषणाकडे धावतात, पण तो ज्यावर चिडला आहे ते सगळं आधीच बोलून झालेलं असतं. आणि शेवटाकडे कॅलिक्लिज मनापासून उत्तर देणं सोडतो, तेव्हा सॉक्रेटिस काही काळ प्रश्न आणि उत्तर दोन्ही स्वतःच बोलतो, तेही सावकाश वाचा.