ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात आयरिस: लागवड आणि संकर

कोरड्या हवेच्या फीनिक्सला चुलत भावाच्या अंगणात दाढीवाली आयरिस (खालच्या पाकळ्यांवर केसांचा झुबका असलेले, कंदापासून वाढणारे फुलझाड) दरवर्षी भरभरून फुलते, मग त्यानेच पाठवलेले कंद ह्यूस्टनमध्ये जुलैपर्यंत का सडतात आणि घरी संकर करून उन्हाळ्याला टिकणारे वाण काढता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. ऊन दोन्हीकडे कडकच आहे. फरक आहे तो दमटपणाचा. दाढीवाल्या आयरिसचे बरेचसे पूर्वज भूमध्य समुद्राच्या आसपासचे, म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात कंद तापवून घेणारे. त्यांना मेक्सिकोच्या आखाताकाठची रात्रीही न निवणारी हवा आणि ओली चिकणमाती मिळाली की जिवाणूंमुळे होणारी मऊ कुज कंदात शिरते. असा कंद दाबून पाहिल्यास साल शाबूत दिसते, पण आतला गर पिठल्यासारखा हाताला लागतो आणि त्याची दुर्गंधी येते. औषधे मारून या कुजीशी झगडण्यात मला अर्थ वाटत नाही.

तुमच्या शेजारच्याच राज्यातली लुइझियाना आयरिस लावावी. तिच्या मूळ जातींपैकी विटकरी-तांबूस फुलांची फुल्वा, दलदलीत उंच वाढणारी निळी जायगँटिसेरुलिया, नागमोडी बुटक्या दांड्याची ब्रेव्हिकॉलिस आणि अ‍ॅबव्हिल गावाजवळच सापडणारी लाल नेल्सोनाय या चार तुम्हांला महत्त्वाच्या. या जाती रानातही आपसांत इतक्या सहज मिसळतात की, जॉन स्मॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांतून ऐंशीच्या आसपास ‘नव्या जाती’ नोंदवल्या, आणि त्यांतल्या बहुतेक नैसर्गिक संकर असल्याचे जीवशास्त्रज्ञ पर्सी व्हायोस्का यांनी 1935 मध्ये दाखवून दिले. घरी संकर करू पाहणाऱ्याला याहून चांगली बातमी नाही.

लागवड ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये करावी. किमान अर्धा दिवस ऊन, किंचित आम्लधर्मी माती, भरपूर कुजलेले खत आणि सतत ओल एवढे तिला लागते; चुना किंवा हाडांचा चुरा मात्र घालू नये. दाढीवालीचा कंद उघडा ठेवतात, हिचा मात्र झाकावा लागतो, नाहीतर उन्हाने करपतो. त्यासाठी पाइनच्या सुयांचे पाच-सात सेंटीमीटर आच्छादन पुरते. भर उन्हाळ्यात पाने पिवळी पडून वाढ थांबते, तेव्हा घाबरून झाडे उपटू नका.

संकरासाठी मार्चअखेरीस, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी फुगलेली कळी निवडून तिच्या खाली झुकणाऱ्या पाकळ्या आणि तिन्ही पुंकेसर काढून टाकावेत, म्हणजे भुंग्यांना बसायला जागा उरत नाही. मधल्या पाकळीसारख्या फाट्याच्या टोकाशी, खालच्या बाजूला, नखाएवढी पातळ पट्टी असते, ती कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग. दुसऱ्या वाणाचा पराग तिच्यावर चिमट्याने घासावा आणि आईबापांची नावे लिहिलेली चिठ्ठी लगेच बांधावी, कारण आठवड्याने काहीही आठवत नाही. उन्हाळ्यात बोंड पिवळसर होऊन सैल पडू लागले की बुचासारख्या सालीचे मोठे बी काढून ताजेच पेरावे व कुंडी ओली ठेवावी. उगवण थंडीत, तीही रेंगाळत होते. काही बी पुढच्या वर्षी उगवते, म्हणून कुंडी रिकामी करण्याची घाई नको. पहिले फूल साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसते.

एक अडचण आधीच सांगतो. लुइझियानातल्या बॅटन रूजचे संकरकार जोसेफ मर्ट्झवायलर यांनी कोल्चिसीन हे गुणसूत्रे दुप्पट करणारे रसायन वापरून चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेल्या लुइझियाना आयरिस घडवल्या. त्या आयरिसचा साध्या द्विगुणित (दोन संचांच्या) वाणाशी केलेला संकर बहुधा फसतो, म्हणून वाण विकत घेतानाच तो यांपैकी कोणता हे विचारून घ्यावे.

निवडीबाबत माझे मत जरा कठोर आहे. नव्या रोपाचा रंग पाहून हुरळून जाऊ नये. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पुढची फुले त्याच्या बाजूच्या फुटव्यांवरच येतात. म्हणून ऑगस्टमध्ये, सगळा वाफा मरगळलेला असताना आच्छादन बाजूला सारून फुटवे मोजावेत. एखाद-दुसराच असेल तर फूल कितीही देखणे असले तरी त्या रोपाचा वंश पुढे नेऊ नये. त्यानंतर दांडा आधाराशिवाय उभा राहतो का आणि फुले पानांच्या वर येतात का, हे पाहावे. ब्रेव्हिकॉलिसच्या वंशात फुले पानांतच दडण्याचा दोष वारंवार येतो. या कसोट्यांना उतरलेले रोप दोन-तीन उन्हाळे तुमच्याच वाफ्यात टिकले, तरच अमेरिकन आयरिस सोसायटीकडे त्याचे नाव नोंदवण्याचा विचार करावा.