तुकडी बदलताना

नाशिकहून कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या नामांकनावर पुढील उन्हाळ्यात विनिपेगला येण्याचे आपण ठरवीत आहात, मुलगा दहा वर्षांचा आहे, आणि नव्या वर्गात बोलायला काहीतरी असावे म्हणून त्याने आइस हॉकीच्या एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमधील सेंट्रल डिव्हिजन या गटाचे आठ संघ तोंडपाठ केले आहेत. एवढ्यावर मुले त्याला सामावून घेतील का, शाळेत प्रवेश कसा मिळतो आणि एकटेपणा फार जाणवतो का, असा आपला प्रश्न माझ्या भाचीने मला पाठवला. व्हिसा, गुणांकन आणि बँकेत दाखवायची रक्कम यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर आहे आणि ती माझ्यापेक्षा ताजी आहे, म्हणून त्याबद्दल मी लिहीत नाही. मी लिहीत आहे ती मुख्यतः त्या यादीमुळे.

आपण दिलेल्या यादीत शिकागो, कोलोरॅडो, डॅलस, मिनेसोटा, नॅशव्हिल, सेंट लुईस आणि विनिपेग यांच्याबरोबर ॲरिझोना आहे. ॲरिझोना खोडायला सांगा आणि तेथे युटा लिहायला सांगा. तो संघ एप्रिल २०२४ मध्ये विकला गेला आणि सॉल्ट लेक सिटीला हलला. शेवटची दोन वर्षे तो टेम्पी येथे विद्यापीठाच्या जेमतेम साडेचार हजार प्रेक्षकांच्या मैदानात खेळत होता, आणि नव्या मैदानाचा प्रस्ताव तेथील मतदारांनी २०२३ साली फेटाळला होता. युटाच्या संघाला पहिले वर्षभर टोपणनावच नव्हते. ‘युटा हॉकी क्लब’ एवढ्यावरच त्याने सबंध हंगाम खेळून काढला आणि ‘मॅमथ’ हे नाव २०२५ मध्ये आले. हे वाचताना मला माझ्या मुलाचा महापालिकेचा जन्मदाखला आठवला. त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. आपल्याकडे बारशाआधी नोंद होते आणि पुढे नाव घालून घ्यायला कोणी फिरकत नाही, हे इथल्या अधिकाऱ्याला पत्रांतून समजावण्यात आमचे चार महिने गेले. आपल्या मुलाच्या दाखल्यावर नाव आहे की नाही, ते आजच पाहून घ्या.

डिव्हिजन म्हणजे काय, ते मी माझ्या मुलाला ‘तुकडी’ असे सांगितले होते, आणि अजूनही मला तोच शब्द योग्य वाटतो. बत्तीस संघांच्या आठ-आठच्या चार तुकड्या आहेत, आणि आपल्याच तुकडीतल्या संघांशी जास्त वेळा खेळावे लागत असल्यामुळे वैर आणि ओळख दोन्ही तेथेच होतात.

आम्ही ऑगस्ट २०११ मध्ये येथे आलो, तेव्हा हे शहर दुसऱ्याच कोणाच्या आगमनाच्या आनंदात होते. विनिपेगचा मूळ जेट्स संघ १९९६ साली पैशाअभावी ॲरिझोनातल्या फिनिक्सला गेला होता, आणि पंधरा वर्षांनी, ३१ मे २०११ रोजी, अटलांटाचा थ्रॅशर्स हा संघ विकत घेऊन येथे आणण्याचे जाहीर झाले होते. माझ्या कार्यालयातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात मला १९९६ च्या एप्रिलमधल्या शेवटच्या सामन्याबद्दल सांगितले, आणि सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. माझ्या मनात हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि गवताचे मैदान होते. पुण्याचा आयपीएल संघ गेला म्हणून पुढेही कोणी असे रडलेले मी पाहिले नाही, आणि तो तर दोनदा आला आणि दोनदा गेला.

नव्या संघासाठी वेळ फारच थोडा होता, म्हणून लीगने एवढेच केले की अटलांटाच्या जागेवर विनिपेग लिहिले. परिणामी कॅनडाच्या गवताळ प्रदेशातला, हिवाळ्यात उणे तीस तापमानाचा हा संघ साउथईस्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे फ्लोरिडाचे दोन संघ, कॅरोलायना आणि वॉशिंग्टन यांच्या तुकडीत बसला. त्यांतल्या एका संघाचे मायामीजवळचे मैदान येथून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहे. तिकडचे सामने आमच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला सुरू होत, आणि मी कामावरून येऊन कुकर लावत असे तेवढ्यात पहिला भाग संपलेला असे.

माझ्या मुलाच्या बाबतीतही नेमके हेच घडले, आणि याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण चौदा वर्षे झाली तरी ते माझ्या मनातून गेलेले नाही. त्याचा जन्म जानेवारी २००२ चा. नाशिकला तो जूनमध्ये पाचवीत बसला होता आणि तशी नोंद असलेला शाळा सोडल्याचा दाखला मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, विमानात हातातल्या सामानात आणला होता. मॅनिटोबात इयत्ता ठरते ती जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून. मुख्याध्यापिकेने दाखला हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, परत दिला आणि त्याला चौथीत बसवले. प्रवेशअर्जावर घरात बोलली जाणारी भाषा विचारली होती. मी अभिमानाने ‘मराठी’ असे लिहिले. त्यामुळे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, जाडजाड इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्या माझ्या मुलाला आठवड्यातून दोनदा गणिताच्या तासाला उठवून नवागतांच्या इंग्रजी वर्गात नेऊ लागले. “आई, तू तिथे इंग्लिश लिहायला हवं होतंस,” असे तो म्हणाला. तो अर्ज आज समोर आला तर मी काय लिहीन, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी पुन्हा भेट मागितली. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू, असे उत्तर मिळाले. त्याच डिसेंबरात लीगच्या संचालकांनी विनिपेगला योग्य तुकडीत नेणारी नवी रचना मंजूर केली होती, आणि मुलाने ती बातमी कापून फ्रिजवर लावली होती. मी त्याला म्हणाले होते की बघ, जेट्सचेही एकच वर्ष आहे आणि तुझेही एकच वर्ष आहे. जानेवारी २०१२ मध्ये प्रवासाचा ताण आणि प्लेऑफमधली, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधली, असमानता या कारणांवरून खेळाडूंच्या संघटनेने त्या रचनेला संमती नाकारली आणि जेट्स आणखी एक हंगाम फ्लोरिडाच्या तुकडीत राहिले. कात्रण फ्रिजवरून कधी निघाले, ते मला कळले नाही. खरे सांगायचे तर ‘एकच वर्ष’ हे मी मुलाला कोणत्याही आधाराशिवाय सांगितले होते, आणि दुसऱ्या वर्षी मी शाळेत विचारायलाच गेले नाही, कारण माझी नोकरी कंत्राटी होती आणि रजा मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

२०१२-१३ च्या हंगामात मालक-खेळाडू वादामुळे अठ्ठेचाळीसच सामने झाले. त्यात विनिपेग आपल्या तुकडीत दुसरे आले आणि तरीही प्लेऑफला पोहोचले नाही, कारण हमखास जागा फक्त पहिल्या क्रमांकाला होती. मुलगा म्हणाला, हे तर वर्गात दुसरा येऊन नापास झाल्यासारखे आहे. अखेर २०१३ मध्ये रचना बदलली. उशिराच्या सामन्यांना कंटाळलेले डेट्रॉइट आणि त्याच्याबरोबर कोलंबस पूर्वेकडच्या तुकड्यांत गेले, आणि शिकागो, नॅशव्हिल, सेंट लुईस यांच्या सोबतीला कोलोरॅडो, डॅलस, मिनेसोटा आणि विनिपेग आले. मिनेसोटाचे मैदान येथून मोटारीने सात तासांवर आहे. तेव्हा प्रथमच शेजाऱ्यांशी खेळतो आहोत असे वाटले. पुढे २०१७ मध्ये लास वेगास आणि २०२१ मध्ये सिएटल हे नवे संघ पॅसिफिक डिव्हिजनला मिळाले, आणि तेथली गर्दी कमी करण्यासाठी ॲरिझोना आमच्याकडे ढकलले गेले. म्हणजे जो संघ येथून १९९६ ला गेला, तोच पंचवीस वर्षांनी पाहुणा म्हणून आमच्या तुकडीत येऊन बसला. गंमत अशी की जुन्या जेट्सचे विक्रम कागदोपत्री त्याच्याबरोबर गेलेले होते, आणि आजच्या जेट्सचा अधिकृत इतिहास सुरू होतो तो अटलांटात. युटाला तर लीगने सरळ नवा संघच धरले, त्यामुळे त्याच्या नावावर मागचे काहीच नाही. दाखला घेऊन आलेल्याला कोणत्या इयत्तेत बसवायचे, हे येथे सगळ्यांच्याच बाबतीत असे ठरते.

म्हणून आपल्या मुलाला नुसती नावे पाठ करायला लावू नका. दहा वर्षांच्या कोणत्याही मुलाला ती येतात, आणि फक्त नावे म्हणून दाखवणाऱ्या नव्या मुलाला बाकीची मुले हसतात. माझ्या मुलाला हसली. त्याला असे सांगा की या आठांपैकी चार संघ स्थलांतरित आहेत: डॅलस मिनेसोटातून १९९३ साली आले, कोलोरॅडो क्वेबेकमधून १९९५ साली आले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकला, विनिपेग अटलांटाहून आले आणि युटा ॲरिझोनाहून. नॅशव्हिल १९९८ चे आणि मिनेसोटाचा आताचा संघ २००० चा, म्हणजे तसे अलीकडचेच. १९२६ चे शिकागो आणि १९६७ चे सेंट लुईस, एवढे दोघेच जुने रहिवासी आहेत. हे त्याने वर्गात सांगितले तर निदान वाद तरी होईल, आणि वाद झाला की मुले बोलू लागतात.

एकटेपणाबद्दल आपण विचारले आहे. तो असतो, पहिला हिवाळा संपला की बराच कमी होतो. गुढीपाडव्याला येथे बर्फ असते, एवढे लक्षात ठेवून या.

कोविडच्या वर्षी सीमा बंद होती, म्हणून कॅनडाचे सातही संघ ‘नॉर्थ’ नावाच्या तात्पुरत्या तुकडीत फक्त आपसात खेळले. २०२१ च्या त्या हंगामात मुलगा घरूनच विद्यापीठाचे तास करत होता आणि रिकाम्या मैदानातले सगळे सामने आम्ही दोघांनी एका सोफ्यावर बसून पाहिले. विनिपेगने एडमंटनला सलग चार सामन्यांत हरवले आणि लगेच मॉन्ट्रियालकडून सलग चार सामने गमावले. येथे आल्यापासूनचे माझे सर्वांत सुखाचे महिने ते होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, कारण त्या दिवसांत लोक मरत होते. त्याच्या आदल्या जूनमध्ये तो बारावी झाला होता, समारंभाशिवाय. प्रमाणपत्र टपालाने आले. पाचवीत बसवले असते तर तो २०१९ मध्ये झाला असता, झगा घालून आणि टोपी उडवून. हा हिशेब मी आजवर किती वेळा केला असेल, याची गणती नाही.

आता तो कॅल्गरीत नोकरी करतो. तिथला संघ पॅसिफिक डिव्हिजनमधला, म्हणून ‘मी पॅसिफिकमध्ये गेलो’ असे तो म्हणतो. रविवारी फोन येतो, आणि आम्ही गुणतक्त्याबद्दल बोलतो. २०२५ मध्ये विनिपेगने ११६ गुणांनी सगळ्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि मग दुसऱ्या फेरीत डॅलसकडून हरले, त्यावर आम्ही तासभर बोललो. तू जेवतोस का, तिकडे तुला कोणी आहे का, हे मी विचारत नाही, कारण विचारले की फोन लवकर संपतो. एप्रिल २०२४ मध्ये ॲरिझोनाची बातमी आली तेव्हा त्याने मंगळवारीच, कामाच्या वेळेत फोन केला होता. “आई, यादी बदलली,” एवढेच तो म्हणाला, आणि मी उभ्या उभ्याच जुनी आठही नावे क्रमाने म्हणून दाखवली.

आपल्या मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला आहे, ते कृपया कळवा. जानेवारी ते मेमधला असेल, तर शाळेचा अर्ज भरण्यापूर्वी मला फोन करा; मी रजा घेऊन आपल्याबरोबर येईन.